सुदामचे हलके सेल

हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो — जमेल तसं.

माजलगावात माझं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान आहे. सुदाम माझ्याच हाताखाली शिकला आणि मग तलवाड्याला त्यानं स्वतःचं दुकान टाकलं. पंपातली जड बॅटरी काढून तो लिथियम सेलचा हलका पॅक बसवायचा. बायकांच्या पाठीवरचं ओझं कमी झालं नि त्याचं नाव झालं. माझीच जुनी गिऱ्हाइकं मला फोन करून त्याचा नंबर मागायला लागली. मी द्यायचो — आणि जळायचो. फार जळायचो.

सेल घेताना माझा एक नेम आहे. वेष्टन कितीही कोरं असो, आधी शेजारच्या सोनाराच्या काट्यावर तोलायचा. चांगला सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरतो. मग चार्ज करून आठ दिवस नुसता ठेवायचा. आपोआप उतरला तर माल परत. हे मी सुदामला कधीच शिकवलं नव्हतं. मुद्दाम? असेलही.

एकदा तो नमुन्याचा सेल घेऊन आला. कुणी नवा व्यापारी निम्म्या भावात देत होता. घ्यावा की नाही, ते मी सांगायचं. मी एकटाच सोनाराकडे गेलो. सेल तीस ग्रॅमसुद्धा भरला नाही. आत भंगार, वर नवं वेष्टन — लगेच कळलं. आणि मला, काय सांगू, बरं वाटलं.

परत येऊन म्हणालो, "माल चांगला हाय. घे बिनघोर."

काय वाटलं होतं मला? दोन-चार पॅक बिघडतील, लोक त्याला बोल लावतील, माझ्याकडे परत येतील. आग मनात नव्हती. पण पंप पाठीवर असतो, हे मला माहीत नव्हतं का?

कपाशी फवारताना त्याच्याच बायकोच्या, रुक्मिणीच्या पाठीवर पॅक पेटला. कमरेपर्यंत भाजली. वाचली.

मी बघायला गेलो. सुदामनं मला बाजूला घेतलं. "अण्णा, सेल तर तुमी तपासलं व्हतं. म्हंजी जोडताना माझ्याच हातनं चुकलं."

मी काय म्हणालो असेन? म्हणालो — "हां. तसंच असंल."

त्यानं पुन्हा पॅक जोडला नाही. तिच्या पाठीला मलम लावताना तो अजून तिची माफी मागतो. माझ्यादेखत मागतो.