सारवलेला कोपरा

बोंडअळीनं कपाशी खाल्ली त्या साली मालकानं उभ्या पिकात ट्रॅक्टर घातला आणि बांधावरची झोपडीही मोडली. तिथं रखवालीला राहणारी नलूबाई मुकुटबनच्या बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याच्या पडवीत येऊन पडली.

पुढं एका संस्थेनं बेघर बायांना कॅमेरे वाटले. "तुमचं जगणं तुम्हीच दाखवा," संस्थेच्या शीलाताई म्हणाल्या. नलूबाई हरखली. लोक पाहणार, म्हणजे घरी पाहुणेच येणार! तिनं शेण आणून कोपरा सारवला, उंबरा नव्हता तरी रांगोळी काढली, फाटक्या गोधड्या भिंतीआड दडवल्या, चारही भांडी घासून लखलखीत मांडली. मग फोटो काढला.

मारेगावच्या प्रदर्शनात घरकुल योजनेचे साहेब बेघरांची यादी घेऊनच आले. तिच्या फोटोपाशी थबकले.

"हे कोणाचं?"

"माहं हाय, सायेब."

"वा! एवढं नीटनेटकं घर आहे की तुला!"

मेल्याला भिंतीआडच्या गोधड्या कशा दिसणार? त्यानं तिचं नाव विचारलं आणि यादीतल्या त्या नावावर फुली मारली. शीलाताईंनी ती फुली पाहिली आणि मान खाली घातली.

नलूबाईला वाचता येत नव्हतं. ती हसत त्यांच्या कानाशी लागली, "ताई, सायेबानं माह्या नावावर खूण केली. आता घर भेटते मले."