टाकीच्या तोंडावरचा साक्षीदार

राहात्याच्या तहसील कचेरीबाहेर पत्र्याच्या शेडखाली माझे टेबल आहे. तेथे बसून मी लोकांचे अर्ज, तक्रारी आणि प्रतिज्ञालेख लिहितो. माझे शालेय शिक्षण नववीपर्यंत झाले. त्यापुढचे शिक्षण मला लोकांच्या भांडणांनी दिले, आणि ते महाविद्यालयापेक्षा सखोल झाले असे माझे मत आहे. तालुक्यात मला भाऊसाहेब म्हणतात. अवघड मजकूर सोपा करावयाचा असो वा सोपा मजकूर वजनदार करावयाचा असो, माणसे माझ्याच टेबलाशी येतात.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी शिर्डीतल्या एका लॉजचे मालक असेच आले. त्यांच्या लॉजच्या मागील अंगणात पिण्याच्या पाण्याची जमिनीखालची टाकी आहे. तिला गळती लागली होती. आतून रंगासारखा एक लेप द्यावयाचा होता, आणि उत्सवाची गर्दी सुरू होण्यापूर्वी ते काम उरकणे भाग होते. लेप पुरवणाऱ्यांनी अट घातली होती की, बंदिस्त जागेत काम करण्याचे प्रशिक्षण आधी कामगारांनी आणि मालकानेही घ्यावे, मगच डबे मिळतील. शिकवायला नगरच्या औद्योगिक वसाहतीतून एक मॅडम येणार होत्या. त्यांची नियमावली मात्र इंग्रजीत होती.

"मोबाईलवर मराठी करून बघितलं भाऊसाहेब," शेठ म्हणाले. "वाचता वाचता मलाच गुदमरल्यासारखं झालं."

तो मजकूर खरोखर श्वास कोंडणारा होता. टाकीत माणूस उतरला असता बाहेर थांबणाऱ्यास मोबाईलने 'परिचर' म्हटले होते. आमच्याकडे परिचर म्हणजे कचेरीतला शिपाई. तो टाकीच्या तोंडाशी उभा राहून कोणाची घंटा ऐकणार? मी विचार केला. बाहेरचा माणूस पाहतो, ऐकतो आणि प्रसंग आल्यास सांगतो. असे करणाऱ्यास माझ्या व्यवसायात एक प्रतिष्ठित शब्द आहे. सबब मी स्वच्छ अक्षरात लिहिले: 'कामगार टाकीत असताना टाकीच्या तोंडाशी एक साक्षीदार समक्ष हजर राहील.' वाक्य वाचून शेठचा चेहरा उजळला. प्रशिक्षणाच्या दिवशी त्यांनी मला आग्रहाने बोलावले आणि मीही टेबल बंद ठेवून गेलो.

टाकीत उतरणारा होता लॉजचा प्लंबर, कामाला चोख आणि तोंडाने फटकळ. बाहेर थांबणार होता त्याचा मेव्हणा. या मेव्हण्याची राहात्यात पेरूची बाग आहे. परंतु तहसिलीत तो ओळखला जातो तो साक्षीदार म्हणून. कोणाच्याही दस्तावर एक सही कमी पडली की त्याला हाक जाते आणि तो आनंदाने धावतो.

मॅडमनी पहिलाच प्रश्न शेठना विचारला, "आतली हवा चांगली आहे हे कसं ओळखाल?"

"त्यात काय, दिवा सोडायचा. विझला तर उतरायचं नाही. आमच्या विहिरीला वडील हेच करायचे."

"आणि आत लेपाची वाफ असली तर?"

शेठ टाकीच्या तोंडापासून एक पाऊल मागे सरले.

"तर शेठ, दिवा विझणार नाही. भडका उडेल. मग टाकी कुठं होती तेच शोधत बसावं लागेल."

त्यानंतर त्यांनी हवा तपासण्याचे छोटे यंत्र दोरीने वर, मधे आणि तळाशी सोडून दाखवले, बाहेरची हवा आत ढकलणारा पंखा लावला आणि तोंडावर लोखंडी तिपाई उभी करून तिच्यावरून कंबरपट्ट्याची दोरी घेतली. वास आला नाही म्हणजे हवा चांगली, हा समज त्यांनी मोडून काढला. शेवटी एक नियम त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितला: आतला माणूस पडला तरी बाहेरच्याने आत उडी घ्यायची नाही. तिपाईवरून दोरी ओढायची आणि मदत बोलवायची. अशा जागांत वाचवायला गेलेलेच जास्त दगावतात.

"त्याची काळजी नको मॅडम," प्लंबर म्हणाला. "माझ्यासाठी ह्यो चप्पलसुद्दा भिजवायचा न्हाई."

"दाजी, तुमी निवांत उतरा," मेव्हणा म्हणाला. "तेवढाच ताईच्या कानाला इसावा."

मग सराव झाला. टाकी कोरडी होती, हवा तपासलेली होती. मॅडमच्या कागदावर मेव्हण्याने साक्षीदार म्हणून झोकदार सही केली. प्लंबर शिडीने उतरला. सर्वजण आपापले काम कसे करतात हे पाहण्यासाठी मॅडम मुद्दाम बाजूला, भिंतीशी उभ्या राहिल्या. ठरल्याप्रमाणे प्लंबरने आतून दोरीला हिसका दिला. बाहेरून उत्तराचा हिसका जावयास हवा होता. तो गेला नाही. पुन्हा दोरी हलली.

"हाय का रं?" टाकीतून आवाज आला.

टाकीच्या तोंडाशी कोणी नव्हते. मॅडमनी धावत जाऊन दोरी धरली आणि त्याला वर घेतले. प्लंबर बाहेर आला तेव्हा त्याच्या अंगाला काही झालेले नव्हते, पण चेहऱ्यावरची थट्टा गेली होती. त्याने कंबरपट्टा सोडला आणि शेठच्या हातात ठेवला.

"आतनं वर बघितलं तर नुसतं चौकोनी आभाळ. मानूस न्हाई. मी न्हाई उतरायचो शेठ. लेपाच्या दिवशी तर आजिबात न्हाई."

इतक्यात रस्त्यापलीकडच्या हॉटेलातून मेव्हणा मिशा पुसत आला. "झालं व्हय? लवकर उरकलं."

"कुठं गेल्तास?" प्लंबरने विचारले.

"चहाला. माझी सही झाली हुती की."

"सही करून गेलास?"

"मग? साक्षीदार सही करून जातोच. भाऊसाहेबांनी लिवलंय, साक्षीदार समक्ष हजर. त्यांनाच इचारा. जल्म गेला त्यांचा तहसिलीत. सही करून थांबलेला साक्षीदार त्यांनी कवा बघितलाय का?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी आठवून पाहिले. दस्तावर 'समक्ष हजर' लिहिताना माझा हात झिजला आहे. पण सहीची शाई वाळेपर्यंत थांबलेला साक्षीदार मला आठवेना. शब्दाचा अर्थ निर्दोष होता. मात्र त्याला कचेरीची सवय लागलेली होती, आणि तीच सवय घेऊन तो टाकीच्या तोंडाशी आला होता.

"वॉचमन लिहा," मॅडम म्हणाल्या.

"नको," शेठ घाईने म्हणाले. "आमचा वॉचमन या दोघांनी बघितलाय. खुर्चीत बसला की त्याला गिऱ्हाईक उठवतं."

ही जबाबदारी माझी होती आणि ती मी दुसऱ्यावर ढकलणार नव्हतो. मी मेव्हण्याला समोर बसवले आणि एखाद्या अर्जदाराची हकिकत घ्यावी तसे विचारत गेलो.

"पेरू पिकायला लागले की तू बागेत काय करतोस?"

"राखन."

"राखणीवरून चहाला जातोस?"

"कसं जानार? राघू काय मी येईस्तोवर थांबत्यात व्हय? थवाच्या थवा उतरतो. डबा सुद्दा बांधावर आनून देत्यात. सारखी हाळी द्यावी लागती."

"आणि बोलवायला घरचं कोणी आलं तर?"

"देव आला तरी उठत नसतो."

"म्हंजे मी आता पेरू का?" प्लंबर म्हणाला.

"तुमी कसले पेरू दाजी. तुमाला कुठला राघू तोंड लावतोय."

प्लंबर हसला नाही, पण शेठ हसले आणि मी पेन काढले. 'साक्षीदार' खोडून मी 'राखणदार' लिहिले. पुढे जोडले की, राखणदाराने जागा सोडू नये, मालकाने बोलावले तरी सोडू नये. हाळी देत राहावे. उत्तर न आल्यास दोरी ओढावी. स्वतः उतरू नये. मॅडमनी मजकूर दोनदा वाचला आणि आपल्या पुढच्या वर्गांसाठी मागून घेतला. त्याचा मला आनंद झाला, हे लपवण्याचे कारण नाही.

प्लंबरला मात्र तो पुरला नाही. "शब्द बदलला भाऊसाहेब. मानूस त्योच हाय."

शेठनी त्याची बरीच मनधरणी केली. एकदा उतरून पाहीन, हाळी थांबली की त्याच पावली बाहेर येईन आणि पुन्हा कोणाचे ऐकणार नाही, इतकेच त्याने कबूल केले.

लेपाच्या दिवशी मी पुन्हा गेलो. हवा तपासली, पंखा लागला. प्लंबरने हवेच्या नळीचा मुखवटा चढवला होता, त्यामुळे त्याला आतून बोलता येणार नव्हते. उत्तर दोरीनेच द्यावयाचे होते. उतरण्यापूर्वी त्याने मेव्हण्याकडे असे पाहिले की, मी त्या जागी असतो तर मान खाली घातली असती. मेव्हणा तोंडाशी मांडी घालून बसला.

"हाय का दाजी?"

दोरी हलली. थोड्या वेळाने पुन्हा हाळी, पुन्हा दोरी. समोरच्या खोल्यांतले भाविक गॅलरीत येऊन पाहू लागले. काम अर्ध्यावर आले असता यात्रेकरूंची एक बस फाटकात अडकली आणि शेठ मागे वळून ओरडले, "अरे ये इकडं, बस मागं घ्यायला हात दाखव."

मेव्हणा जागचा हलला नाही.

"ऐकू येतंय का? मी बोलवतोय."

"येतंय शेठ. राखनीवर हाय." आणि टाकीत वाकून, "हाय का दाजी?"

शेठना आपण घेतलेले प्रशिक्षण आठवले असावे, कारण ते स्वतःच बसकडे गेले. टाकीतून दोरी हलली, आणि या वेळी न विचारताच आणखी एकदा हलली. आत त्याने सर्व ऐकले होते.

काम संपवून प्लंबर वर आला. मुखवटा काढला तर कानाच्या पाळ्या तेवढ्या लेपाने पांढऱ्या झालेल्या. तो पायरीवर टेकला, दम घेतला आणि मेव्हण्याला म्हणाला, "कान किटवलेस लेका."

मेव्हणा अजूनही टाकीकडे तोंड करून बसला होता.

"ऊठ की आता. मी भाईर आलोय. टाकी रिकामी हाय. आता कुनाला राखतोस?"

"झाकन लागंस्तोवर उठायचं न्हाई," मेव्हणा म्हणाला.

प्लंबर उठला, झाकणाचे एक टोक स्वतः धरले आणि म्हणाला, "धर मग दुसरीकडनं."