नुसता माल

मंजुषा घाडगे सातवीत असल्यापासून चिठ्ठ्या लिहायची. तिचे वडील हौसेराव कळंबोलीच्या लोखंड बाजारात हमालांच्या टोळीचे मुकादम. आकडे त्यांना चोख वाचता यायचे, अक्षरांशी मात्र त्यांचं कधी जमलं नाही. शाळेला सुट्टी असली की मंजुषा बाजारात ओट्यावर बसायची आणि आबा सांगतील तसं लिहायची. सळी, माणसं चार. पत्रा, माणसं सहा. जाड प्लेट, माणसं आठ. चिठ्ठी खिळ्याला अडकवली की तेवढी माणसं उठून गाडीकडे जायची.

आबांच्या डाव्या पायाला दोन बोटं नव्हती. ती कुठं गेली हे बाजारात सगळ्यांना माहीत होतं. फार पूर्वी एका कारकुनानं चिठ्ठीवर ‘माल’ एवढंच लिहिलं, आबा चार माणसं घेऊन गेले आणि गाडीत निघाल्या प्लेटा. तेव्हापासून चिठ्ठी कुणाचीही असो, आबा आधी लंगडत जाऊन गाडीत डोकावणार म्हणजे डोकावणार. “मुकादम, नवरी बघाया चालला काय?” असं लोक चिडवायचे. आबा हसायचे आणि तरी जायचे.

पोरगी बीएस्सी झाली आणि जुईनगरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये लागली. तिथं टायपिंग शिकवायचं, फ्लॉपीवरची धूळ पुसायची आणि उरलेल्या वेळात मशीनवर स्वतः काहीतरी शिकायचं, असं तिचं दोन वर्षं चाललं होतं. तिला सी प्लस प्लस ही प्रोग्रॅम लिहायची भाषा शिकवायची बॅच हवी होती. क्लासच्या मालकीणबाई मालतीबाई व्यवहाराला पक्क्या. शहाण्णव सालच्या मार्चमध्ये त्या म्हणाल्या, “बाजारातल्या सयाजीशेठना चिठ्ठ्या छापणारा प्रोग्रॅम हवाय. तू करून दाखव. त्यांनी हो म्हटलं तर जूनपासून बॅच तुझी. नाही म्हटलं तर वाशीचा एक मुलगा विचारत आलाच आहे.”

चिठ्ठ्यांचा प्रोग्रॅम म्हणजे मंजुषाच्या हातचा मळ. तिनं आधी ‘माल’ नावाचा एक ठरावच केला. जो कुणी माल म्हणवून घेईल त्यानं, आपल्याला किती माणसं लागतात, याचं उत्तर दिलंच पाहिजे. मालानं स्वतः काही बोलायचं नाही. उत्तर द्यायचं ते सळीनं, पत्र्यानं, प्लेटनं, ज्याचं त्यानं. इथवर सगळं झकास झालं. मग तिनं दिवसभरातल्या गाड्यांसाठी पन्नास ‘मालां’ची यादी मांडली आणि कंपायलर अडून बसला. कंपायलर म्हणजे आपण लिहिलेलं तपासून मशीनला समजेल असं करून देणारा प्रोग्रॅम. त्यानं निळ्या पडद्यावर इंग्रजीत ओळ टाकली: माल ही नुसती कल्पना आहे, तिची वस्तू करता येत नाही.

मंजुषानं पुस्तक चाळलं, ओळी मागंपुढं केल्या, पण कंपायलर ढिम्म हलेना. दाखवायचा दिवस परवावर आला होता. शेवटी तिनं एक युक्ती केली. ‘माल’ काही बोलत नाही म्हणूनच हा अडतो ना? मग बोलू दे त्याला. मालाला विचारलं तर त्यानंही सांगावं, चार. सळीला चारच लागतात आणि निम्म्या गाड्या सळीच्याच असतात, एवढा तिचा हिशेब. कंपायलर लगेच गप्प झाला. तिनं सळी घालून पाहिली, उत्तर आलं चार. अडलेलं काम सुटलं की माणूस जास्त खोलात जात नाही. तीही गेली नाही.

शनिवारी सकाळी सयाजीशेठच्या ऑफिसात मशीन लागलं. शेठ, मालतीबाई, टोळीतली दहाबारा माणसं, सगळे जमले. आबा नवं शर्ट घालून आले होते. पहिली गाडी सळीची, चिठ्ठी आली चारची. शेठ खूश. दुसरी गाडी प्लेटांची. मंजुषानं प्लेट भरली, प्रिंटर किरकिरला आणि चिठ्ठी आली चारची.

आबांनी आकडा वाचला. मग लंगडत जाऊन गाडीत डोकावले आणि परत आले.

“चार मानसांत हे उचलायचं न्हाई,” ते म्हणाले.

शेठ हसले. “मुकादम, तुमच्याच लेकीचं मशीन हाय. द्या की चार माणसं.”

“लेक माजी हाय. पाय टोळीचं हायत,” आबा म्हणाले आणि त्यांनी स्वतःच आठ जणांना हाक मारली.

मंजुषाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मालतीबाईंनी शेठकडून एक आठवडा मागून घेतला, तो शेवटचाच. घरी दोन दिवस ती आबांशी धड बोलली नाही. सगळ्यांसमोर बोलायची काय गरज होती, हळूच सांगता आलं नसतं?

सोमवारी दुपारी लॅब रिकामी झाल्यावर तिनं प्रोग्रॅम उघडला. चूक काय झाली ते आता कळत होतं. यादीतला खण ‘माला’च्या मापाचा. त्यात प्लेट कोंबली की मालाएवढाच भाग आत राहायचा, तिचं प्लेटपण बाहेर छाटलं जायचं. मग विचारलं की उत्तर द्यायचा नुसता माल, आणि त्याला तिनंच पढवलं होतं, चार. तिनं ते चार खोडलं. तीच इंग्रजी ओळ पुन्हा पडद्यावर आली. माल अशी वस्तू करता येत नाही.

या खेपेस तिनं ती नीट वाचली आणि तिला आबांचा डावा पाय आठवला. त्या कारकुनानं लिहिलं होतं तेच तिनं लिहिलं होतं. कंपायलर पहिल्यापासून तेच सांगत होता आणि तिनं त्याचं तोंड बंद केलं होतं. सातवीपासून चिठ्ठ्या लिहिणाऱ्या मुलीनं हे करावं याची तिला मनापासून लाज वाटली.

पुढचं काम अवघड नव्हतं. यादीत माल ठेवायचाच नाही, तो कुठं ठेवलाय त्याचा पत्ता ठेवायचा. मशीननं त्या पत्त्यावर जायचं, तिथं जे असेल त्यालाच विचारायचं. पत्ते सगळे एका मापाचे, माल कसलाही असो. कंपायलरनं तक्रार केली नाही. तरी तिनं सळी, पत्रा, प्लेट, अँगल, सगळं एकेक करून तीनतीनदा घालून पाहिलं.

शनिवारी पुन्हा तीच मंडळी जमली. आबांनी या वेळी जुनंच शर्ट घातलं होतं. शेठनी मुद्दाम प्लेटांची गाडी आधी लावली. प्रिंटर किरकिरला. मंजुषानं चिठ्ठी फाडली, कुणाला दाखवली नाही, घडी करून मुठीत धरली.

“दाखव की,” शेठ म्हणाले.

“थांबा. आबांना आधी बघून येऊ द्या.”

आबांनी तिच्याकडं एकदा पाहिलं. मग लंगडत गाडीपाशी गेले, फाळक्यावरून आत डोकावले, सावकाश परत आले.

“आठ,” आबा म्हणाले.

मंजुषानं मूठ उघडली आणि चिठ्ठी त्यांच्या हातावर ठेवली. आबांनी आकडा वाचला. चिठ्ठी खिळ्याला लावायची सोडून त्यांनी ती खिशात घातली आणि आठ माणसं उठवली.