उत्तरेकडे वळवलेल्या खुर्च्या

१. आखातातल्या खैरानजवळच्या वाळवंटात पाइपलाइनसाठी मोजणी चालू होती.
२. दुपारी उपग्रहांच्या आधारे मिळणारे आमचे स्थान सरकू लागले. यंत्र लावलेला मोजणीचा खांब मात्र जागचा हलला नव्हता.
३. मी यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले. फरक पडला नाही.
४. मोजणीप्रमुख श्री. विश्वास पेडणेकर यांनी काम थांबवले आणि सर्वांना खुर्च्या उत्तरेकडे वळवून चहा घ्यायला सांगितले.

पेडणेकर सरांशी माझा पहिला परिचय असा झाला. स्थान असे भरकटले की खुर्च्या वळवायच्या, ही त्यांच्या तुकडीची जुनी रीत होती.

"सर, तिकडे नुसती धूळ आहे," रत्नागिरीचे माजिदभाई म्हणाले.

"तुझी बायको दापोलीला आहे. इथून दिसते का? म्हणून ती नाहीच का?"

"आहे ना सर. रोज फोनवर ओरडते."

मग सर माझ्याकडे वळले. "यंत्र ठीक आहे, मुली. वरचं आभाळ ढवळलंय."

सूर्याकडून येणारा विद्युतभारित कणांचा झोत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला हादरवतो. मग त्या क्षेत्राच्या रेषांवरून कण ध्रुवांजवळ खाली उतरतात. सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर ते ऑक्सिजनला धडकले की हिरवा प्रकाश दिसतो, त्याहून बऱ्याच उंचीवर लाल; हाच उत्तरेकडचा ध्रुवीय प्रकाश. त्याच वादळात उपग्रहांचे संदेशही वाटेत रेंगाळतात. हे सारे सरांनी चहा निवायच्या आत सांगितले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याने उत्तर नॉर्वेतून छायाचित्र पाठवले. बर्फावर हिरवे पडदे लोंबत होते. मी सहसा थक्क होत नाही. पण ज्या वादळाने ते पडदे हलवले, त्यानेच माझ्या हातातला आकडा हलवला होता. 

शंकास्पद आकडा सरांनी कधीच पुढे जाऊ दिला नाही. कंत्राटदार घाई करू लागला की ते म्हणत, "आज वाळूत पुरलेली चूक उद्या पाइपसकट वर येते."

तो प्रकाश स्वतः पाहण्यासाठी त्यांनी दोनदा हिवाळ्यात रजा घेतली. पहिली माजिदभाईंना दिली, त्यांच्या मुलीच्या जन्मासाठी. दुसरी मला, आईच्या शस्त्रक्रियेसाठी. मी संकोचले, तेव्हा म्हणाले, "आभाळ कुठे पळून जातंय?"

आभाळ राहील. पण सरांना काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेली आक्रसते आहे, हे त्यांनी स्वतःच चहाच्या वेळी आम्हाला सांगितले. आता बाजूचा खांब शोधायला त्यांना मान वळवावी लागते.

सर, साठाव्या वर्षी आपल्याला निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो आणि त्यातली पुष्कळ वर्षे डोळे भरून पाहण्याची असोत. फेब्रुवारीतल्या आपल्या रजेतले काम आम्ही आपसांत वाटून घेतले आहे. नॉर्वेतले सहकारी खोली तयार ठेवणार आहेत. या वेळी ही रजा कुणीही मागणार नाही, आणि आपण दिलीत तरी घेणार नाही.

आपण जाणार की नाही, एवढेच कृपया या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत कळवावे.