चाल आमची नव्हती

मंडळी, एक विचारायचंय.

आज इथल्या जामबाग भागातल्या बँड स्पर्धेत आमचं गाणं संपताच परीक्षकांतले एक बुजुर्ग संगीतकार उठले. "ये धुन किसने बनाई?"

चाल स्वतःची हवी, असा नियम होता. आमचा नवीन नावाचा गिटारिस्ट म्हणाला, "मैंने, सर."

खरं तर ती त्याने एका जुन्या जाहिरातीतून उचलली होती. मला आठवड्यापूर्वीच कळलं होतं, तरी मी गप्प राहिले.

सरांना पटलं नाही. ते माझ्याकडे वळले. "बेटा, तुम बोलो."

मी बोलले, "हमारी नहीं है, सर."

आम्ही बाद झालो. बाहेर नवीन एवढंच म्हणाला, "मुझे पहले बोलती ना!"

मला कळलंय हे मी आधी त्याला एकट्यालाच सांगायला हवं होतं का?