दोन सूत आत

चौथ्या फेरीला ती रुग्णालयाच्या लाँड्रीच्या पाइपापाशी थांबली, गुडघ्यांवर हात टेकून दम घेतला आणि म्हणाली, "मॅडम, उद्या आमच्या वन्सं येणार आहेत तुमच्याकडे."

वजन उतरवायच्या ऑपरेशनची वाट पाहणाऱ्यांना काय खायचं, कसं खायचं, किती चालायचं हे शिकवणं माझं काम. ज्यांना चालायला सोबत नसते त्यांच्याबरोबर मी संध्याकाळी रुग्णालयामागच्या रस्त्यावर सहा फेऱ्या मारते. चालताना मनात जप चालू असतो. हिच्याबरोबर तो कधी पुरा झाला नाही.

ती एका दुकानात कपडे सैल-घट्ट करून देते. पंधरा वर्षं लोकांचे कपडे मापात बसवले, स्वतःच्या कमरेला मात्र टेप पुरेना. नवरा अबोल. घर चालतं ते थोरल्या नणंदेच्या शब्दावर. उरलेलं टाकायचं नाही हा वन्संचाच नियम, म्हणून ही ओट्यापाशी उभ्यानं सगळी पातेली निपटायची. आणि अंग सुटल्यावर 'गोदाम' हे नावही वन्संनीच ठेवलं. घरातला वजनकाटा त्यांनी मोडीत दिला, ही उभी राहिली तर स्प्रिंग जाईल म्हणून. हेही तिने गिळलं. पण मुलीच्या शाळेत पालकांना बोलावलं तेव्हा वन्सं परस्पर गेल्या आणि आई अंथरुणाला खिळलीय असं सांगून आल्या. पोरीला लाज वाटायला नको, म्हणे.

त्याच आठवड्यात ती माझ्याकडे आली. ऑपरेशनआधी यकृत जरा आकसावं म्हणून तिला सहा किलो उतरवायचे होते. आमच्या जेवणाच्या वहीत 'खाताना मनात काय होतं' असा एक रकाना असतो. बाकीचे तिथे कंटाळा, काळजी असं काहीबाही लिहितात. हिच्या वहीत रोज एकच शब्द, वन्सं. मी सांगितलं, बसून जेवा, वीस मिनिटं घ्या, घास तीस वेळा चावा. पातेली निपटणं तिने त्या दिवसापासून सोडलं आणि सगळ्यांच्या आधी ताट घेऊन बसू लागली. वन्संनी भात वाढायला सांगितला की घास चावता चावता नुसता हात दाखवायची, थांबा म्हणून. पाच महिन्यांत आठ किलो उतरले. नुसत्या रागावर इतकं उतरलेलं मी पाहिलं नव्हतं.

वन्संचं माझ्याकडे काय काम, ते मी विचारलं.

"वजन वाढलंय त्यांचं," ती म्हणाली. "सुपावर राहतात. दिवसातून चारदा जिना चढतात."

हे सांगताना ती हसली नाही. मग चालता चालता तिने सगळं सांगून टाकलं. घरातले सगळे कपडे बटणाला, चेनला तिच्याच हातात येतात. वन्संचा प्रत्येक कपडा ती दर महिन्याला दोन सूत आत घेत होती. दोन सूत म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढं, पण दोन्ही बाजूंनी. पहिल्यांदा वन्सं म्हणाल्या, धुऊन आटला. मग आरशापुढे आडव्या उभ्या राहू लागल्या. गेल्या रविवारी, गोदाम न म्हणता, त्यांनी हिलाच विचारलं होतं की तुझ्या त्या मॅडम मला बघतील का.

मी म्हटलं, अहो, पाप आहे हे. ती म्हणाली, असेल, देवापुढे उभी राहीन की मी, पण आधी त्यांना घाम फुटू दे.

तिच्या ऑपरेशनच्या संमतीच्या कागदावर नवऱ्याची सही सोमवारी व्हायची होती. बहिणीने डोळे वटारले तर तो पेन उचलणार नव्हता. आणि माझ्या खोलीत येणारा प्रत्येक माणूस आधी काट्यावर उभा राहतो. वन्संना आपला जुना आकडा पाठ. वाढायचं सोडाच, उलट उतरलेलं दिसणार. मग शिवणीपर्यंत पोचायला त्यांना कितीसा वेळ?

सहावी फेरी संपली तशी ती बाकावर बसली. गळ्यात दुकानातली टेप तशीच होती, ती तिने काढून बोटाभोवती घट्ट गुंडाळली.

"उद्या त्यांना काट्यावर उभं करू नका, मॅडम," ती म्हणाली. "नुसतं वरून खाली बघा आणि मान हलवा. माझ्याकडे बघून त्या हलवतात ना, तश्शी."