बर्फावरच्या पुतणीचं स्थळ

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. शेवटी हसाल असं मला वाटत नाही.

माझी पुतणी हर्षदा. थोरला भाऊ गेल्यावर आमच्याच घरात, असोद्यात वाढली. केळीच्या बागेत उन्हानं घामाघूम होणारी पोर शिकून गेली कुठं, तर उत्तर ध्रुवावर! दहा वर्षं समुद्रावरचा बर्फ मोजते. तिकडचा बर्फ वितळला की नवे सागरी रस्ते उघडतात, रस्त्यांमागून जहाजं येतात, जहाजांमागून तोफा. आपला पाऊस बिघडतो तो वेगळाच. देशाच्या सुरक्षेचं धोरण ठरवताना हे सांगायला कुणीतरी हवं, म्हणून दिल्लीतल्या एका समितीसाठी तिचं नाव निघालं होतं. पोरीनं यासाठी जिवाचं रान केलं होतं.

आणि मी? वरणगावच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात तीस वर्षं रंगारी. आता निवृत्त.

त्या रविवारी बोदवडचे पाहुणे हर्षदाच्या स्थळाची चौकशी करायला येणार होते; ती स्वतः तिकडं बर्फावरच होती. मुलगा परदेशात. दहाच्या सुमारास मोटारसायकलवरून एक गृहस्थ उतरले. इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल. हर्षदाबद्दल थोडं विचारायचंय म्हणाले आणि खिशात हात घातला. मला वाटलं, मुलाचा फोटो काढतायत.

"राहू द्या हो, ते मागाहून बघू. आधी चहा घ्या," मी म्हणालो.

आता स्थळाच्या चौकशीला आलेल्या माणसापुढं आपण काय करतो? वाढवून सांगतो. आपल्याकडं त्याला कुणी खोटं म्हणत नाही.

त्यांनी विचारलं, परदेशी लोकांशी तिची ओळख आहे का? मला वाटलं, पोरगी बुजरी आहे का ते बघतायत. म्हटलं, रशियन काय, चिनी काय, सगळे एका पातेल्यातलं खातात! एका चिनी मैत्रिणीला तर आमच्या मंडळींनी फोनवर भरिताची वांगी भाजायला शिकवलीत.

त्यांनी लिहून घेतलं. मला वाटलं, भारी माणूस आहे, भरीतसुद्धा लिहून घेतो.

कायमचं परदेशात राहायचा विचार आहे का? मुलगा तिकडचाच, तेव्हा मी दोर सैल सोडला. "उद्या म्हणाल तर उद्या निघेल. इथं तिला काय बांधून ठेवलंय?"

मग हळूच विचारलं, "कामाबद्दल घरी बोलते?"

"तिच्या पोटात काही राहत नाही बघा," मी छाती फुगवून म्हणालो. "समितीचं सगळं सांगते. कुठला बर्फ आधी वितळणार, कुणाची जहाजं कुठून घुसणार, सगळं!"

खरं सांगतो, तिनं यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. पेपरात वाचलेलं मी तिच्या तोंडी घातलं. सून भोळी असलेली बरी असते ना!

गृहस्थ उठले, बशीखाली एक कार्ड सरकवून गेले. तेवढ्यात आमच्या मंडळी फोन हातात घेऊन बाहेर आल्या.

"अहो, बोदवडच्या पाहुन्यांची गाडी चुकली. ते उद्या येऊन राह्यले. मंग हे कोन होते?"

मी बशी उचलली. कार्डावर पोलीस खात्याचं नाव होतं. समितीवर घेण्याआधीची ती सरकारी चौकशी होती! लगेच फोन लावला, साहेब, मी जास्तीचं बोललो. ते शांतपणे म्हणाले, "काका, लोक असं नंतरच म्हणतात."

दुसऱ्या दिवशी बोदवडचे खरे पाहुणे आले. दुधानं तोंड पोळलं होतं, आता मी ताकही फुंकत होतो. मुलाच्या वडिलांना दारातच ओळखपत्र मागितलं. मुलगी काय करते, विचारलं तर म्हटलं, मला सांगता येणार नाही. चहा अर्धा टाकून ते गेले. त्या स्थळाचं मला दुःख नाही.

दोन महिन्यांनी हर्षदाचा फोन आला. समितीतून तिचं नाव वगळलं होतं. कारण कुणी सांगत नव्हतं. मी सगळं कबूल केलं. 

ती म्हणाली, "काका, माझ्या आकड्यांवर आता बर्फ कधी न पाहिलेला माणूस बोलेल."

मग तिनंच विचारलं,

"कारखान्यात काय बनतं ते तुम्ही काकूला कधी सांगितलं?"

"कधीच नाही गं."

"मग माझ्याच वेळी काय झालं हो?"

कारखान्याच्या फाटकावर एक मोठी पाटी होती, 'अनोळखी माणसाशी कामाबद्दल बोलू नका.' दर दिवाळीआधी शिडीवर चढून तिची अक्षरं मीच रंगवायचो.